मेंदूच्या उजव्या बाजूच्या स्ट्रोकनंतर ताटाची डावी बाजू तशीच का उरते?

सदाफुली

नमस्कार. घरातल्या पेशंटबद्दल विचारते आहे. सासरे, वय ६८, उजव्या हाताने लिहिणारे. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मेंदूच्या उजव्या मिडल सेरेब्रल आर्टरीच्या भागात इन्फार्क्ट (म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग), परायटल आणि टेम्पोरल या मेंदूच्या दोन भागांच्या (लोबच्या) सांध्यापाशी, असं लिहिलंय. डावा हात जवळजवळ हलत नाही, बोटं किंचित हलतात, डाव्या पायात थोडी ताकद आहे. बोलणं स्वच्छ, हिशोब तोंडी करतात, नावं-तारखा सगळं आठवतं. त्यामुळेच घरच्यांचा गोंधळ होतो.

ताटात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर तशीच राहते आणि वर "आज कोशिंबीर केली नाही का" असं विचारतात. ताट फिरवलं की मुकाट्याने खातात. दाढी फक्त उजव्या गालाची करतात. डावीकडून हाक मारली तर उजवीकडे वळून शोधतात. पेपर वाचताना ओळ मध्येच सुरू करतात आणि हल्ली काहीही छापतात म्हणून चिडतात. व्हीलचेअर दर वेळी दाराच्या डाव्या चौकटीला लागते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठीक असल्याचं सांगितलंय.

हा डोळ्याचा दोष की मेंदूचा, याचा अंदाज घरी कसा घ्यायचा? कितीही वेळा "डावीकडे बघा" सांगितलं तरी पुढच्या वेळी तेच, हे का? आणि घरात नेमकं काय बदलायचं? फिजिओथेरपिस्ट येतात, पण त्यांचा सगळा भर हातापायावर आहे.

तिरकी_रेघ

तुमचं वर्णन लेफ्ट निग्लेक्टशी, म्हणजे डोळे ठीक असूनही मेंदूचं डाव्या बाजूकडे लक्षच न जाण्याशी, तंतोतंत जुळतं. फाइलमध्ये हा शब्द आहे का बघा. नसेल तर पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा. हातापायाची ताकद प्रत्येक वेळी नोंदली जाते, हे मात्र पुष्कळदा नोंदायचं राहतं. विशेषतः पेशंट गप्पा छान मारत असेल तर.

आधी होतं काय ते. डोळ्यांनी टिपलेलं मेंदूच्या मागच्या भागात, ऑक्सिपिटल लोबमध्ये पोचतं. तुमच्या सासऱ्यांचा तो भाग रिपोर्टप्रमाणे शाबूत दिसतो. अडतं ते त्याच्या पुढे. आलेल्या चित्रातल्या कुठल्या जागेकडे आत्ता लक्ष वळवायचं, हे ठरवणारं एक जाळं मेंदूत आहे. परायटल लोबचा खालचा भाग, त्याचा टेम्पोरल लोबशी असलेला सांधा, फ्रंटल लोबचा खालचा भाग, खोलवर थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया, शिवाय या सगळ्यांना जोडणारे लांब तंतू, असा त्याचा पसारा. यातला एखादा भाग मेला किंवा नुसता जोडतंतू तुटला, तरी निग्लेक्ट होऊ शकतो. उजव्या मिडल सेरेब्रल आर्टरीचा रक्तपुरवठा नेमका या पसाऱ्यातल्या बऱ्याच भागाला असतो.

मग डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये उजव्या बाजूचं असं का होत नाही? होतं, पण कमी वेळा, सौम्य आणि लवकर ओसरणारं. सर्वात जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण असं, की मेंदूचा डावा अर्धा भाग, म्हणजे डावा गोलार्ध, मुख्यतः उजव्या बाजूकडे लक्ष देतो आणि उजवा गोलार्ध दोन्हीकडे. डावा निकामी झाला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा गेला तर डाव्या बाजूला वालीच उरत नाही. त्यात भर म्हणजे दोन्ही गोलार्ध एकमेकांना रोखून धरत असतात. उजव्याचा लगाम सुटला की डावा गोलार्ध लक्ष आणखीच उजवीकडे ओढतो. म्हणून हे पेशंट नुसते डावीकडे बघत नाहीत एवढंच नसतं, उजवीकडच्या वस्तूंना चिकटून बसतात. बोलणारा माणूस समोर असला तरी नजर उजवीकडच्या खिडकीवर.

तिसरी गोष्ट जागरूकतेची. आपण सावध, ताजेतवाने असणं हेसुद्धा बऱ्याच अंशी उजव्या गोलार्धाच्या या जाळ्यावर अवलंबून आहे. त्यामुळे थकवा, झोप, ताप यांत निग्लेक्ट वाढतो. सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट, हा चढउतार नाटक समजू नका.

आता घरची चाचणी. ही निदानाची जागा घेत नाही, डॉक्टरांना दाखवायला कागद हाती येतो इतकंच.

ए-फोर कागद आडवा ठेवून त्यावर अडीच-अडीच सेंटीमीटरच्या ४० रेघा वेगवेगळ्या तिरकसपणे काढा: मध्ये ४, डाव्या अर्ध्यात १८, उजव्या अर्ध्यात १८. कागद नाकाच्या सरळ रेषेत ठेवून टेबलाला चिकटवा, नाहीतर पेशंट तो नकळत उजवीकडे सरकवतो. मधल्या ४ तुम्ही खोडून दाखवा, बाकीच्या सगळ्या त्यांना खोडायला सांगा आणि "झालं" म्हणेपर्यंत काही बोलू नका. न खोडलेल्या रेघा डावीकडे गोळा झालेल्या दिसल्या तर उत्तर मिळालं. सगळीकडे विखरून सुटल्या असतील तर तो निग्लेक्ट नव्हे, एकूण लक्ष कमी पडतंय. दुसरं, २० सेंटीमीटरची आडवी रेघ देऊन तिचा मध्य दाखवायला सांगा. निरोगी माणूस काही मिलिमीटर चुकतो. पेशंटची खूण दर वेळी दीड-दोन सेंटीमीटर उजवीकडे पडली तर नोंद करा. रेघ लहान घेऊ नका. दोनेक सेंटीमीटरच्या रेघेवर याच पेशंटची चूक नाहीशी होते, कधी तर उलट बाजूला पडते, आणि चाचणी घेणारा फसतो. तिसरं, घड्याळाची तबकडी काढायला सांगा. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले, किंवा ६ पर्यंत येऊन काम संपलं.

डोळ्याच्या वाटेतला दोष, म्हणजे अर्धं दृष्टिक्षेत्र जाणं, यापासून वेगळं कसं करायचं? समोर मीटरभर अंतरावर बसा, त्यांना तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. एका बाजूचं बोट हलवा, मग दुसऱ्या बाजूचं, मग दोन्ही एकदम, क्रम बदलत. डावं एकटं हललं तर कळतं, पण दोन्ही एकदम हलवल्यावर फक्त उजवं कळतं, असं असेल तर प्रश्न लक्षाचा आहे. अर्धं दृष्टिक्षेत्र गेलेल्या माणसाला डावं एकटंही दिसत नाही. मात्र आपल्याला दिसत नाही हे त्याला बहुधा ठाऊक असतं आणि तो मान वळवून भरपाई करतो. शिवाय निग्लेक्ट एका इंद्रियापुरता राहत नाही. हाक ऐकून उलट्या दिशेला वळणं डोळ्याच्या दोषातून येत नाही. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात, म्हणून पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणारी तपासणी, झाली आहे का ते विचारा. नुसतं अक्षरांचा तक्ता वाचून घेऊन "नजर ठीक" म्हटलं असेल तर हे त्यात तपासलं गेलेलं नाही.

"सांगून का कळत नाही" याचं उत्तर मिलानमधल्या एका प्रयोगात आहे. १९७८ साली बिझिआक आणि लुझात्ती या संशोधकांनी निग्लेक्टच्या दोन पेशंटांना त्यांच्या ओळखीचा कॅथेड्रलसमोरचा चौक मनात आणायला सांगितलं. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केल्यावर त्यांनी मुख्यतः उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून उलट दिशेला बघतोय अशी कल्पना करायला लावली, तेव्हा मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि मघाशी सांगितलेल्या गेल्या. आठवणीत सगळा चौक होता. बघायला डोळे लागतच नव्हते. तरी डावी बाजू गळली.

आता स्वतःचं बघा. आपल्या पाठीमागे आपल्याला काय दिसतं? काळोख दिसत नाही, काहीच नसतं, आणि ते नसणं खटकतही नाही. सासऱ्यांच्या डावीकडे तसं झालंय. काहीतरी राहिलंय ही जाणीवच तयार होत नसेल तर शोधायची ऊर्मी कुठून येणार? कोशिंबीर केलीच नाही, पेपरवाले काहीही छापतात, ही त्यांच्या मेंदूच्या दृष्टीने तर्कशुद्ध उत्तरं आहेत.

डावीकडची माहिती आत पोचत नाही असंही नाही. १९८८ मध्ये मार्शल आणि हॅलिगन यांनी एका पेशंटला दोन घरांची चित्रं दाखवली, त्यातल्या एका घराच्या डाव्या बाजूने ज्वाळा निघत होत्या. तिच्या मते दोन्ही घरं सारखीच होती. पण राहायला कुठलं घ्याल असं विचारल्यावर ती बहुतेक वेळा न जळणारं निवडायची, आणि असा प्रश्न विचारणंच वेडगळपणाचं आहे असंही तिचं मत होतं.

हातमाग

वरचं सगळं पटलं. मी ऑक्युपेशनल थेरपीच्या बाजूने लिहितो, म्हणजे उद्या सकाळपासून काय करायचं ते.

पहिली सुधारणा तुमच्या वाक्यात. "डावीकडे बघा" यात थांबायचं कुठे ते नाही. पेशंट दोन इंच मान वळवतो, त्याच्या हिशोबाने डावीकडे बघून झालं. शेवटची खूण द्या: "लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवा." बोटभर रुंद लाल चिकटपट्टी घ्या आणि ताटाच्या डाव्या काठावर, टेबलाच्या डाव्या कडेला, आरशाच्या डाव्या बाजूला, व्हीलचेअरच्या डाव्या हातावर लावा. जेवायला बसल्यावर आधी पट्टी शोधायची, त्यावर उजव्या हाताचं बोट टेकवायचं, मगच घास. जेवण संपलं म्हटल्यावर पुन्हा पट्टी. बोट टेकवणं महत्त्वाचं, नुसतं "हो दिसली" यावर भरवसा ठेवू नका.

ताटाबद्दल एक गोष्ट आपल्याकडे खास लक्षात ठेवावी लागते. आपल्या वाढण्यात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे. त्यामुळे डाव्या निग्लेक्टचा पेशंट भाजी-पोळी पोटभर खातो आणि घरच्यांना वाटतं की कोशिंबीर नकोशी झाली असेल. उरलेल्या पोळीचा डावा भाग आणि भाताची डावी कड बघा, मग खरं कळतं. रोजचं वाढणं बदलू नका. आठवडाभर ताट थोडं उजवीकडे सरकवून ठेवा, मग मध्ये आणा, मग एखादी आवडीची गोष्ट मुद्दाम पट्टीजवळ वाढा. ताट तुम्ही फिरवून दिलंत तर पोट भरतं पण सराव होत नाही. तेव्हा आधी पट्टीची आठवण, नाहीच जमलं तर शेवटी फिरवा.

वाचनाला पेपरचा एकच स्तंभ उघडा राहील अशी घडी घाला. डाव्या समासात जाड लाल उभी रेघ ओढा, प्रत्येक ओळीला आधी रेघ गाठायची. १० पैकी ९ ओळी बरोबर सुरू व्हायला लागल्या की रेघ बारीक करा, मग फक्त पहिल्या आणि शेवटच्या ओळीपाशी ठिपका, मग काही नाही. पट्टी एकदम काढली की सगळं पहिल्यावर येतं, इथेच बहुतेकांचं चुकतं. शब्दांतही चूक सुरुवातीला होते: नागपूरचं "पूर" होईल किंवा सोलापूरच्या जागी भलतंच कुठलं तरी "पूर" वाचतील. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे असते, तीही गळू शकते. आकड्यांत हे महागात पडतं, ₹२५०० चं बिल ५०० वाचलं जातं. औषधाच्या पाकिटावरचे आकडे आणि फोन नंबर त्यांच्यावर सोडू नका.

डावी बोटं किंचित हलतात असं लिहिलंय, ते फार कामाचं आहे. डावा हात टेबलावर शरीराच्या डाव्या बाजूलाच ठेवा आणि शोधायचं काम सुरू करण्याआधी ती बोटं हलवायला सांगा, मधूनमधूनही. डावा अवयव डाव्या जागेत हलला की त्या बाजूचं लक्ष जागं होतं, हे रॉबर्टसन या संशोधकाच्या प्रयोगांतून दिसलंय. त्याच वेळी उजवा हातही हलवला तर फायदा जवळपास नाहीसा होतो. उजव्या हाताने डावा हात धरून हलवण्याचा व्यायाम फिजिओ देतात, तो सांध्यांसाठी चांगला. पण निग्लेक्टसाठी हे वेगळं करायचं.

सराव २०-३० मिनिटांचा, सकाळी, अंघोळ-नाश्ता झाल्यावर. पेंगुळलेले असतील तर त्या दिवशी सोडून द्या. झोपेच्या किंवा शामक गोळ्या चालू असतील तर त्यांची वेळ आणि मात्रा डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका. सुरू करण्याआधी टेबलावर एक जोरात टिचकी मारा. अनपेक्षित आवाजाने क्षणभर सावधपणा वाढतो आणि तेवढ्यात डावीकडचं पकडता येतं.

पलंग फिरवून दार डावीकडे येईल असं करा, हा सल्ला सगळे देतात. नुसता पलंग फिरवून फरक पडतो याला बळकट पुरावा नाही. उलट पहिल्या आठवड्यांत सगळंच डावीकडे गेलं तर पेशंट भिंतीकडे बघत एकटा पडतो. बोलवायची घंटी, पाणी, चष्मा उजवीकडेच ठेवा, ती सुरक्षिततेची बाब आहे. माणसांनी मात्र समोर उभं राहून बोलणं सुरू करावं, नजर मिळाली की बोलत बोलत एकेक पाऊल त्यांच्या डावीकडे सरकावं. टीव्ही आठवड्या-आठवड्याला हातभर डावीकडे.

डाव्या हाताचं धोक्याचं सांगतो. तो खुर्चीवरून खाली लोंबतो, चाकाच्या आरीत सापडतो, आणि पेशंट तक्रार करत नाही. खांदा सांध्यातून उतरतो तो असाच. व्हीलचेअरच्या हातावर रुंद फळी किंवा उशी लावून हात नेहमी नजरेसमोर ठेवा. उठवताना डावा हात किंवा काख धरून ओढू नये, कमरेच्या पट्ट्याला धरा. गरम पाण्याची पिशवी डाव्या अंगाला नको, अंघोळीचं पाणी तुम्ही किंवा त्यांनी उजव्या हाताने तपासायचं. सदरा घालताना आधी डावी बाही, काढताना डावी शेवटी.

व्हीलचेअरवरून पडण्याचं ठरलेलं कारण म्हणजे उजवा ब्रेक लावला, डावा राहिला, डावा पाय पायपट्टीवरच, आणि माणूस उठला. डाव्या ब्रेकच्या दांड्यावर फूटभर पीव्हीसी पाइप बसवून त्याला लाल किंवा पिवळा रंग द्या, म्हणजे तो उंच होऊन मध्याच्या जवळ येतो. उठण्याआधी मोठ्याने म्हणायचा क्रम: डावा ब्रेक, डावा पाय, उजवा ब्रेक, उजवा पाय. डावं नेहमी आधी.

जेवणानंतर तोंडात बघा, टॉर्च घेऊन. डाव्या गालात घास साठून राहतो आणि आडवं झाल्यावर श्वासनलिकेत जातो. चूळ भरायला लावा, अर्धा तास बसवून ठेवा. पाणी पिताना खोकला येत असेल किंवा आवाज ओला होत असेल तर गिळण्याची तपासणी आधी, बाकी सराव नंतर.

मोरपंखी

डाव्या कानात थंड पाणी घातलं की निग्लेक्ट जातो असं वाचनात आलं. एवढा सोपा उपाय असेल तर कुणी करत का नाही?

तिरकी_रेघ

परिणाम खरा आहे, उपाय नाही. थंड पाण्याने आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला चेतना मिळते, डोळे आणि लक्ष डावीकडे ओढले जातात, आणि पेशंट चाचणीत एकदम सुधारतो. काही मिनिटांत पहिले पाढे पंचावन्न. वर चक्कर आणि उलटी, आणि नुकत्याच स्ट्रोक झालेल्या, गिळायला अडचण असलेल्या माणसाला उलटी होणं धोक्याचं. पडद्याला भोक असेल तर कान बिघडेल. घरी अजिबात करू नये. त्या प्रयोगाचं मोल इतकंच, की डावीकडचं जग मेंदूतून पुसलं गेलेलं नाही, योग्य ढकल मिळाली तर पोचता येतं, हे त्यातून कळलं.

अशीच ढकल देण्याचा टिकाऊ प्रकार म्हणजे प्रिझमचा चष्मा. १९९८ मध्ये रोसेत्ती आणि सहकाऱ्यांनी मांडला. दृश्य १० अंश उजवीकडे सरकवणारे प्रिझम लावून, उजव्या हाताने समोरच्या खुणांकडे झटकन बोट दाखवायचं. हाताची वाट झाकलेली, फक्त शेवटी बोट दिसतं. आधी बोट उजवीकडे चुकतं, काही वेळाने नीट पडायला लागतं. मग चष्मा काढला की बोट डावीकडे जातं, आणि त्यासोबत लक्षही. सर्वसाधारण कार्यक्रम दिवसातून दोनदा, आठवड्यातले ५ दिवस, २ आठवडे. काहींना आठवडे टिकणारा फायदा दिसलाय, पण नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. थेरपिस्ट मिळत असेल तर करून बघण्यासारखं, वरच्या लाल पट्टी शोधण्याच्या (स्कॅनिंगच्या) सरावाऐवजी नव्हे. हा चष्मा दिवसभर घालायचा नसतो. नेहमीच्या चष्म्याच्या दुकानातून असा करवून आणून डोळ्यांवर चढवून बसवलं तर तोल जाऊन पडतील.

सदाफुली

खूप उपयोग झाला, रेघांचा कागद केला. सगळ्या सुटलेल्या रेघा डावीकडेच. अजून एक विचारायचं होतं, लिहू की नको असं होत होतं. डावा हात दाखवून "हा कुणाचा" विचारलं तर कधी "तुझा", कधी "नर्सचा" म्हणतात. आणि "मला काही झालेलं नाही, उद्यापासून बँकेत जातो" असंही. हा मानसिक धक्का आहे का? समजावून सांगावं की सोडून द्यावं? बँकेच्या काही कागदांवर त्यांची सही हवी आहे, तेही लटकलंय.

करवंद

पुनर्वसन विभागात हे नेहमी दिसतं, संकोच नको. पक्षाघाताची जाणीवच नसणं याला १९१४ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट बाबिन्स्की यांनी अ‍ॅनोसोग्नोझिया हे नाव दिलं. हात दुसऱ्याचा वाटणं हे त्याचं शेजारी लक्षण. दोन्ही उजव्या गोलार्धाच्या, विशेषतः परायटल, फ्रंटल आणि इन्सुला या भागांच्या इजेत जास्त दिसतात.

धक्का बसून सत्य नाकारणं वेगळं. त्यात माणूस विषय टाळतो, रडतो, चिडतो, आणि तो कुठल्याही बाजूच्या पक्षाघातात होऊ शकतो. इथे पेशंट शांतपणे, जवळजवळ निष्काळजीपणे सांगतो की हात हलतोय. यामागचं एक पटणारं स्पष्टीकरण असं: हात हलवायचा बेत मेंदूत तयार होतो, त्या बेतावरूनच "हलला" अशी भावना येते, आणि प्रत्यक्षात हलला नाही हे ताडून बघणारा भाग इजेत गेलेला असतो. बेत आणि निकाल यांतला फरक पकडणाराच उरत नाही. म्हणून पुरावा देऊन वाद जिंकता येत नाही. हात उचलून दाखवा म्हटलं तर "उचलला की" किंवा "आज दुखतोय" असं उत्तर येईल. ही थाप नव्हे.

हुद्दा आणि हुशारी यात वाचवत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना ३१ डिसेंबर १९७४ ला उजव्या गोलार्धाचा स्ट्रोक झाला. डावी बाजू गेलेली असताना आपण बरे आहोत, कामावर येतोय असं ते सांगत राहिले. नोव्हेंबर १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, तेही सहकाऱ्यांनी महत्त्वाचे निर्णय पुढे ढकलायला सुरुवात केल्यावर. ऑक्टोबर १९१९ मधल्या स्ट्रोकनंतर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचीही डावी बाजू लुळी पडली होती आणि ते पदावर राहिले.

घरी असं वागा. हाताच्या मालकीवर प्रश्नोत्तरं करू नका, विनोदही नको. रोज अंघोळीनंतर त्यांच्याच उजव्या हाताने डाव्या हाताला तेल लावायला लावा, खांद्यापासून सुरुवात करून बोटांपर्यंत, नजर हातावर ठेवून. खांदा आपला आहे हे बहुतेकांना मान्य असतं, तिथून सलग खाली आलं की हात जोडलेला आहे हे पुन्हा पुन्हा अनुभवाला येतं. "तुम्हाला जमणार नाही" याऐवजी दोन हातांचं काम द्या, म्हणजे रिकामा प्लास्टिकचा ट्रे उचलणं. जाणीव नसलेला पेशंट उजवं टोक धरून उचलतो आणि ट्रे कलंडतो. तेव्हा फक्त विचारा, "का कलंडला असेल?" स्वतः कारण सांगू नका. ट्रेमध्ये काही ठेवू नका, पाणीसुद्धा नाही. जाणीव यायला लागते तेव्हा उदासी येऊ शकते. जेवण-झोप तुटली तर डॉक्टरांना कळवा, स्ट्रोकनंतरच्या नैराश्यावर औषधं आहेत.

हे नाकारणं साधारणपणे निग्लेक्टच्या आधी ओसरतं, बहुतेकांत पहिल्या काही आठवड्यांत. निग्लेक्टची आपोआप होणारी सुधारणा मुख्यतः पहिल्या ३ महिन्यांत होते. त्यानंतर उरतो तो सरावाने सांभाळायचा असतो.

सह्यांचं थांबवा. बोलणं स्वच्छ आहे म्हणून निर्णयक्षमता शाबूत आहे असं धरता येत नाही, आणि निग्लेक्ट आहे म्हणून ती गेलीच असंही नाही. डॉक्टरांकडून त्या विशिष्ट कागदासाठी क्षमतेचा लेखी अभिप्राय घ्या. सही करायचीच झाली तर मजकूर एका उभ्या अरुंद स्तंभात छापून घ्या, मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. रक्कम अक्षरी हवीच. घाई करून घेतलेल्या सहीवर उद्या भावंडांनी बोट ठेवलं तर तुमच्याच अंगाशी येईल.

हातमाग

दोन गोष्टी राहिल्या. बसल्यावर ते डावीकडे कलतात का, आणि सरळ करायला गेलं की उजव्या हाताने स्वतःला आणखी डावीकडे ढकलतात का, ते बघा. तसं असेल तर तो वेगळा प्रकार आहे: शरीर सरळ कधी आहे याची आतली जाणीवच कलते, सुमारे १८ अंश उजवीकडे कललेलं असताना त्यांना आपण सरळ आहोत असं वाटतं. जोर लावून ओढाल तेवढे ते उलटे ढकलतील. समोर दाराची उभी चौकट दिसेल असं बसवा आणि "चौकटीसारखं सरळ व्हा" सांगा. डोळ्यांची उभ्याची जाणीव शाबूत असते, तिचा आधार घ्यायचा. फिजिओना ही गोष्ट सांगाच, चालण्याचा व्यायाम त्यावर ठरतो.

गॅसच्या शेगडीची डावी बर्नर आणि दुचाकी-चारचाकी, दोन्ही सध्या बंद. दुचाकीची किल्ली त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, कारण "मी बरा आहे" म्हणणारा माणूस परवानगी विचारत नाही. आणि निग्लेक्ट अचानक वाढला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा फिट आली तर "थकले असतील" म्हणून वाट बघू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि नुकताच स्ट्रोक झालेल्यांना ते द्यायचं की नाही हे ठरवायलाही वेळ लागतो. शेवटचं ठणठणीत कधी दिसले ती वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, ते आजच विचारून ठेवा.